तपासनीस

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं मी चुका शोधल्या.
नाशिक रोडला, उत्तरेच्या खिडकीखाली,
शाईचा वास न गेलेले ताव समोर यायचे, जायचे.
केसभर सरकलेली रेघ
बोटाआधी डोळ्याला कळायची.

म्हणून फेब्रुवारीत जेव्हा
स्वयंपाकघरातल्या फरशीची रेघ वाकली,
मी आधी गवंड्याला फोन केला.

त्याने दोरी धरली. रेघ सरळ.
खिडकीचा गजही सरळ.
मग मी उजवा डोळा झाकला
आणि गज पाण्यात बुडवल्यासारखा हलला.

शरणपूर रोडच्या दवाखान्यात
फरीन नावाची मुलगी यंत्रं सांभाळते.
गायधनी म्हणजे पळशाच्या का, तिने विचारलं.
म्हटलं, सासर पळशाचं. डोळे माहेरचे.

हनुवटी इथे. कपाळ पुढे. हिरव्या फुलीकडे बघा.

पहिला फोटो रंगीत.
माझा डोळा आतून नारिंगी आहे, मला ठाऊक नव्हतं.
एका फिकट कुंडातून निघून
चारी दिशांना गेलेल्या तांबड्या नद्या.
सुंदर. इतका सुंदर, की दोष दिसेना.
असे ताव मी पाहिलेत,
लांबून देखणे, म्हणूनच संशयाचे.

दुसरा फक्त हिरव्या उजेडात.
रंग गेला तेव्हा मधोमध चमक उठली:
इस्त्री न फिरलेल्या मलमलीच्या चुण्या,
आणि बारीक शिरा एकाच अंगाला ताणलेल्या,
कुणीतरी दोरा ओढून धरावा तशा.
आम्हीही ताव तिरपा धरायचो.
तिरप्या उजेडापुढे घडी लपत नाही.

तिसऱ्या यंत्राने फोटो काढलाच नाही.
त्याने मला कापलं.
सुरीशिवाय, नुसत्या उजेडाने, एका श्वासात,
आणि काप पडद्यावर आडवा ठेवला.

थरावर थर.
जिथे खळगा हवा, तिथे टेकाड.
आणि सगळ्यांच्या वर एक पांढरी रेघ,
कुठे चिकटलेली, कुठे सुटलेली,
माझ्याच पेशींनी विणलेली,
मी कधीच न मागितलेली.

एकतीस वर्षांत मला हे करता आलं नाही.
नोट पुढून बघ, मागून बघ,
उजेडासमोर धर, बोटाने चाचप.
कापायची मुभा नव्हती.
कापलेली नोट, नोट राहत नाही.

डॉक्टर बोरस्ते पिंपळगावचे.
दुसरा कुणी दुधावरची साय म्हणाला असता,
त्यांनी द्राक्ष सांगितलं:
पिकल्या मण्याची साल चिमट्याने सोलायची,
गराला ओरखडा न पाडता.
जमतं?
बहुतेकदा.
रेघा सरळ होतात?
बऱ्याचशा. सगळ्या नाहीत.
घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा काप काढू,
आजच्या शेजारी ठेवून बघू.

निघताना फरीनला विचारलं,
मग तो रंगीत कशाला काढता, त्यात तर काहीच कळत नाही.
ती म्हणाली, काकू, काप तांदळाएवढ्या जागेचा.
दूर कडेला काही फाटलं, तर त्याला पत्ता नसतो.
हे मला पटलं.
आमच्याकडेही भिंगवाली बाई वेगळी
आणि अख्खा ताव बघणारी वेगळी.
दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही
आणि सही दोघींची लागायची.

रिक्षाआधी पाकिटातून दोनशेची काढली.
डाव्या डोळ्याने पाहिली.
धागा वाकडा. नक्षीला लाटा.
आकडे एकमेकांवर रेललेले.
हा ताव मी रद्द केला असता,
लाल पेन्सिलीने, क्षणाचाही विचार न करता.

मग निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं आठवली.
तेव्हा माझ्या शेऱ्याचे ताव जरा वाढलेच होते.
साहेब म्हणायचे, बाईंची नजर म्हणजे नजर.

बिटकोला उतरले. तीच नोट दिली.
रिक्षावाल्याने न बघता खिशात घातली.